घरचं नेट खराब

माझी ताई रागीट आहे, आणि तिचा राग मला आवडतो. ती सॉफ्टवेअर लिहिते, घरून. घरून, कारण बाबांची उजवी बाजू गेली आहे आणि वाचाही. काही हवं असलं की ते चमच्याने पलंगाचा गज वाजवतात. मी सकाळीच प्रेसवर जातो. तो चमचा दिवसभर ताई ऐकते.

मध्यंतरी तिच्या कामात खोडा आला. लिहिलेला कोड ऑफिसच्या सर्व्हरवर चढवायला गेलं की टूल थोडा वेळ वाट बघायचं आणि लाल अक्षरांत सांगायचं, कनेक्शन टाइम आउट. पुन्हा केलं की कधी जायचं, कधी नाही. तिने साहेबांना कळवलं. साहेबांचं नाव तिने 'थांबाजरा' ठेवलंय, कारण कुठलीही तक्रार नेली की ते तेवढंच म्हणतात. या वेळी मात्र ते जास्त बोलले.

"इथे कुणालाच अडचण नाही. तुमच्या घरचं नेट खराब असणार. सोमवारपासून ऑफिसात येऊन बसा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेट मी स्वतः बघितलं होतं, ठणठणीत होतं. पण खापर फोडायला घर बरं सापडतं, त्यातून घरात आजारी माणूस असेल तर विचारायलाच नको.

"आणि बाबांना पाणी कोण देणार? तो थांबाजरा येणार आहे का?" ती माझ्यावरच ओरडली.

सोमवारी मी रजा टाकली आणि ती गेली. ऑफिसच्या केबलला तिने आपला लॅपटॉप जोडला. तीच लाल अक्षरं. शेजारच्या मुलीच्या मशीनवर मात्र काम होत होतं, पण रडतखडत.

"नेहमीच एवढं रेंगाळतं?"

"हो ना. आम्ही तेवढ्यात चहा घेऊन येतो."

ताईने त्या मुलीच्या मशीनवरचं सेटिंग उघडलं. टूलने किती वेळ वाट बघायची, ती मर्यादा थांबाजरांनी ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर भरमसाट वाढवून ठेवली होती. ताईच्या लॅपटॉपवर ती मूळची, छोटीच होती. तिने आणखी खणलं. सर्व्हरच्या नावामागे दोन मशीनचे पत्ते लावलेले, आणि त्यातलं एक मशीन केव्हाच भंगारात गेलेलं. टूल बऱ्याचदा आधी त्या मेलेल्या मशीनचं दार वाजवत बसायचं, मग मर्यादा संपली नसेल तर कंटाळून दुसरीकडे वळायचं. तोवर इथे सगळे चहा पीत होते, म्हणून चूक कुणाला दिसलीच नाही. जिला दिसली, तिचं घर खराब ठरलं.

तिने शेजारच्या तिघांना मर्यादा पूर्ववत करायला लावली. एकेक करत तिघांचेही पडदे लाल झाले. मग तिने साहेबांना बोलावलं.

"आता यांच्याही घरचं नेट तपासायचं का?"

साहेबांनी जुना पत्ता काढायला लावला. माफीचं नाव नाही. वर म्हणाले, "बरं झालं आलात. असं काही निघालं तर तुम्ही इथेच हव्यात. आता रोजच या."

हे सगळं तिने चपलाही न काढता, बाबांच्या खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मीच त्यांना थांबा जरा म्हणाले, आणि निघून आले. काम घरूनच करणार. काढायचं तर काढू देत."

आतून गज वाजायला लागला. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो बाबांनी डाव्या हाताने बाजूला सारला आणि पुन्हा चमचा आपटला, आणखी जोरात. त्यांना काही नको होतं. तेही चिडले होते.