बेताचे पैसे

"मावशी, उद्यापासून तीन दिवस येऊ नका. गौरींचं सगळं आमच्याकडे सोवळ्यात असतं."

मॅडम हे म्हणाल्या तेव्हा माझे दोन्ही हात हरभऱ्याच्या डाळीत होते. त्यांच्याच गौरींच्या पुरणाची डाळ मी निवडत होते. कोरडी डाळ माझ्या हातची चालत होती. तिला पाणी लागलं की चालणार नव्हती. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. आमच्या लोकांना ते सांगावं लागत नाही.

मॅडम पुढे म्हणाल्या, "आणि त्या तीन दिवसांचा खाडा धरते हं. हिशोबाला सोपं पडतं."

खाडा म्हणजे कामाला दांडी. दांडीचे पैसे कापतात. त्याच मला येऊ नका म्हणत होत्या आणि आले नाही म्हणून त्याच कापणार होत्या. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. गोड. फ्रीजवर चिकटवलेला कागद सरळ करत बोलल्या.

मी उरलेली डाळ निवडली. डब्यात भरली. बरं म्हणाले आणि निघाले.

मी इंदिरानगरात लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाक करते. नुसता स्वयंपाक नाही. रविवारी बसून त्या घराचा आठवड्याचा बेत ठरवते. कुठल्या दिवशी काय, सामान काय लागेल, कशाला काय भिजवायचं, कालचं उरलेलं आज कशात जिरवायचं. आधी सातपूरला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. ठेकेदार बदलला, नव्याने त्याची माणसं आणली. तेव्हा हे सुरू केलं.

इकडे दर ठरवायची रीत एकच. माणशी. फोन आला की पहिला प्रश्न, माणशी किती घेता? मग माणसं मोजायची. आणि मोजायला घेतलं की घरातली माणसं कमी होत जातात. धाकटी लहान आहे, तिला अर्धी धरा. आजी खातात कितीशा. साहेब तर निम्मे दिवस बाहेरच जेवतात. पाच जणांचं घर बघता बघता साडेतीनवर येतं. कणीक मात्र पाच जणांचीच मळावी लागते.

या मॅडमच्या घरी पाच जणांच्या पाच तऱ्हा. आजींना मऊ हवं. साहेबांना साखर आहे. मोठा मुलगा जिमला जातो, त्याला उसळीच उसळी. मॅडमना वजन उतरवायचंय. धाकटी कांदा दिसला की ताट सरकवते. हे सगळं दोन शेगड्यांवर जुळवायचं. रविवारची सकाळ त्यातच जायची. एकदा मी म्हटलं, मॅडम, बेताचे थोडे वेगळे धरा. त्या मनापासून हसल्या.

"अहो मावशी, त्याचे कसले पैसे? गप्पाच तर मारतो आपण."

मला तेव्हा खळं आठवलं. माझी आई विंचूरला कांद्याच्या खळ्यावर कांदे निवडायला जायची. शाळेला सुट्टी असली की मी बरोबर. मोठा माल वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, जोडकांदा वेगळा. आतून सडू लागलेला कांदा वरून चांगलाच दिसतो. आई त्याच्या मानेजवळ अंगठा दाबायची आणि बाजूला टाकायची. एकदा ती शेठला म्हणाली, "शेठ, निवडायचं थोडं वाढवा. नजर लय लागते."

शेठ गोणीवर बसून बडीशेप खात होता. म्हणाला, "तू हात चालव बाई. डोकं चालवायला आम्ही हाय ना."

खळ्यावरच्या बाया हसल्या. आईही हसली. मला वाटलं, विनोद असेल.

दोन वर्षं त्या घरात मला कुणी आडनाव विचारलं नाही. मावशी म्हणून भागत होतं. मग मी जयंतीची सुट्टी मागितली. मॅडमनी विचारलं, कसली जयंती? मी म्हटलं, बाबासाहेबांची. त्या "अच्छा" म्हणाल्या. मग परत एकदा "अच्छा, अच्छा" म्हणाल्या. सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी गेले तर ओट्याच्या कडेला असायचा तो पूजेच्या पाण्याचा तांब्या तिथे नव्हता. आत देव्हाऱ्याजवळ गेला होता. बाकी काही बदललं नाही. पोळ्या माझ्याच हातच्या खात होते. तांब्या हलवता येतो. रोजच्या पोळ्यांना दुसरी बाई चटकन मिळत नाही.

गौरींचा बेतही मीच ठरवला होता. पाहुणे धरून तीसेक पानं. मॅडम नोकरी करतात, त्यांना उलगडेना. आजींना सगळी रीत पाठ, पण सांगताना त्या मागच्या चार वर्षांची भांडणं सांगत बसतात. त्यांच्याकडून एकेक काढून घेतलं. सोळा भाज्या, त्यातल्या कुठल्या एकत्र केल्या तरी रीत मोडत नाही. आंबिलीचं पीठ कधी भिजवायचं. पुरण आदल्या दिवशी शिजवायचं की पहाटे. फुलोऱ्याचं कधी तळायचं. मॅडम मोबाइलवर टिपून घेत होत्या. मी धरून चालले होते की करणारही मीच. कँटीनमध्ये ज्याचा बेत तोच कढईपाशी उभा असायचा. त्या सवयीने चुकले.

पूजनाच्या दिवशी मी घरी होते. मेथी निवडत होते, आमच्या घरची. मॅडमचा फोन आला. आंबिलीचं पीठ कुठल्या डब्यात? सांगितलं. थोड्या वेळाने परत. पडवळात डाळ घालायची ठरली होती की नाही? सांगितलं. तिसऱ्यांदा फोन आला, सोळा भाज्या पाच पातेल्यांत कशा बसवायच्या होत्या, काकू विचारतायत. काकू म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक करणारी बाई. तिच्याशी माझं काही वाकडं नाही. ओल्या साडीत चुलीपाशी उभं राहणं सोपं नसतं.

मी तेही सांगितलं. मग विचारलं, "मॅडम, काकूंना किती ठरलं?"

त्यांनी सांगितलं. सहज. मी महिनाभर राबून घेत होते त्याच्या अर्ध्याहून जास्त, तीन दिवसांचे.

"त्यांचा दर वेगळाच असतो मावशी. सोवळ्याचं असतं ना."

फोन ठेवला. मेथी तशीच राहिली.

जात काय असते हे मला नवीन नव्हतं. पण तिचा दर मला फोनवर, रुपयांत, इतक्या सरळ कुणी सांगितला नव्हता. माझा खाडा चालू होता. माझे पैसे कापले जात होते. आणि त्याच वेळी माझं डोकं त्यांच्या स्वयंपाकघरात कामाला होतं. हात विटाळतात. डोकं विटाळत नाही, कारण ते फुकट आहे. रडू वगैरे आलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं की हे इतके दिवस मी चालवून कसं घेतलं.

विसर्जन झाल्यावर कामावर गेले. ओट्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत पुरणपोळ्या ठेवलेल्या. कडा वाळलेल्या. मॅडम म्हणाल्या, तुमच्यासाठी काढून ठेवल्यात, मुलीला न्या.

मी पिशवीला हात लावला नाही. पदर खोचला आणि उभ्यानेच सांगितलं.

"मॅडम, पुढच्या महिन्यापासून माणशी बंद. घराचा एक दर. बेत ठरवायचे पैसे वेगळे. मी नाही आले तर खाडा धरा. तुम्ही येऊ नका म्हणालात तर पैसे पूर्ण लागतील."

आणि आकडा सांगितला.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, एवढ्या पैशांत मला सोवळ्यातल्या काकू मिळतील."

"मिळतील. रोज बोलवा त्यांना."

आजी हॉलमध्ये वाती वळत होत्या. त्या मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करतात. तिथूनच म्हणाल्या, "बघ गं सूनबाई. आता ओट्यावरसुद्धा यांचं आरक्षण."

मी दारात गेले. म्हटलं, "आरक्षण नाही आजी. दर आहे."

आजींनी वात वळायची थांबवली नाही. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला आम्ही घरच्यासारखं मानलं, आणि तुम्ही असं सणाच्या तोंडावर. मी म्हटलं, सण झाला, मी थांबले तोपर्यंत. घरच्यासारखं म्हणजे काय, ते विचारलं नाही. त्या दिवसाचा स्वयंपाक पूर्ण केला. पिशवी होती तिथेच ठेवून आले.

मॅडमच्या सोसायटीत माझी तीन घरं होती. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, तिची फी याच घरांवर चालत होती. मॅडमनी सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. आठवडाभरात शेजारच्या विंगमधली बाई म्हणाली, आम्ही आता घरीच करायचं ठरवलंय. मॅडमचं घर गेलंच होतं. तिसरं राहिलं, तेही थोडं कमी करता येईल का विचारून. नाही म्हटलं. राहिलं तरी.

नवऱ्याने ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. तो अंबडला एका कंपनीत ठेक्यावर आहे. म्हणाला, "वाकडं कशाला बोललीस? गोड बोलून वाढवून घ्यायचं."

"तू किती वर्षं गोड बोलतोयस?" मी विचारलं. तो पाणी प्यायला उठला.

फीचा हप्ता राहिला. कॉलेजात जाऊन मुदत मागितली. कारकुनासमोर उभं राहणं सुखाचं नव्हतं. मुलगी माझ्याबरोबर होती. आम्ही बाहेर आलो. पुढच्या चौकात पाटी दिसली म्हणून एका लेडीज हॉस्टेलच्या कँटीनमध्ये विचारायला शिरले. सकाळचं काम मिळालं. पैसे बेताचेच. पण करते.

मुलीने मोबाइलवर माझं नवं कार्ड केलं. आधीच्या कार्डावर नुसतं मावशी आणि नंबर होता. आता मी पूर्ण नाव टाकायला लावलं, आडनावासकट, वर, मोठ्या अक्षरांत. ती म्हणाली, "आई, आडनाव कशाला? निम्मे लोक फोनच करणार नाहीत."

"नको करू देत. मला डाळ निवडताना कळण्यापेक्षा त्यांना आधी कळू दे."

खाली दर. त्याखाली एक ओळ, बेताचे पैसे वेगळे व आगाऊ.

परवा गंगापूर रोडवरून एका बाईचा फोन आला. आवाज शिकलेला. कार्ड कुणीतरी पुढे पाठवलं होतं. घरी मोठी पूजा आहे, म्हणाल्या. स्वयंपाकाला आमची नेहमीची बाई येते, सोवळ्याचं असतं, तुम्ही समजून घ्याल. तुम्ही फक्त बेत सांगा, सामान सांगा, फोनवरच.

मी बेताचा आकडा सांगितला. काकूंच्या दराने लावला होता.

"नुसतं सांगायचे एवढे?"

"हो. नुसतं सांगायचे. आधी पाठवा, मग सांगते."

त्या म्हणाल्या, विचार करून कळवते. मी बरं म्हटलं नाही. फोन ठेवला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

कळवतील किंवा नाही कळवणार. आकडा खाली येणार नाही.