झेंडूच्या हाराचं वजन

माझ्या धाकट्या भावाने, विनूने, डोंगरात चालवायला कार्बनची सायकल स्वतः जोडली. वजन वाचावं म्हणून गिअर एकच, आणि प्रत्येक बोल्ट आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बसवलेला. ग्रॅमभर वजन घटलं की स्वारी खूश. मला त्या काट्याचीच शिसारी आली होती. हलकं व्हायच्या नादात माणूस काय काय काढून टाकत जातो!

दसऱ्याला आईने पूजेत सायकलला झेंडूचा हार घातला.

"आई, काढ तो! वजन वाढतं."

आईने हार काढला, त्याच काट्यावर ठेवला आणि म्हणाली, "एवढासा तर आहे रे."

विनूने वाकून आकडा पाहिला.

"एवढासा? अगं, सीटपेक्षा जड आहे!"

आणि तो जिंकल्यासारखा हसला. मी काट्यावरचा हार उचलून आईच्या हातात दिला.