गळा कापायचा सीन दोनदा

आज दुपारी सायलीने रिमोट दाबून गळा कापायचा सीन परत लावला, तिथेच तिच्याबद्दलचं माझं मन बदललं.

कॉलेज सोडलं, पण रहस्यकथा सोडल्या नाहीत मी. खुनी कोण, हे शोधण्यात मजा. म्हणून सायलीच्या घरी, पनवेलजवळच्या विचुंब्याला, खुनाचा पिक्चर बघायला गेलो. ती आवडते, हेही खरं.

पिक्चरमधला डॉक्टर पोलिसांच्या चौकशीत अडखळला आणि मी सरसावून बसलो. तेवढ्यात तिने चौकशीचा सीन पुढे पळवला. रक्त मात्र दोनदा! मी मान फिरवली.

तिचा भाऊ म्हणाला, "कोळ्याचा ना तू? रोज मासळी कापतोस, आन रक्त बघवत नाय?"

सायलीही हसली.

"मासळी खायला कापतो," मी म्हटलं. "मजा म्हणून नाही. आणि खुनी तो डॉक्टरच आहे. बसा आता बघत."

चपला घातल्या, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.