तुळशीच्या खोलीपर्यंतची वायर

चिखलीच्या गोरक्षला कुणी वायरवाला म्हटलेलं मुळीच खपायचं नाही. लग्नात कॅमेऱ्याचं चित्र मांडवातल्या मोठ्या पडद्यावर न्यायचं, हे त्याचं काम. लोक फोटोवाल्याला चहा विचारतात, पडद्याचं कौतुक करतात. मधली काळी वायर कुणाच्या पायात आली तरच तिची आठवण होते, तीही शिवी देऊन. याचा गोरक्षला फार राग.

वायर लांबली की तिच्यातलं चित्र वाटेत झिजतं. जुन्या काळी एक बरं होतं, चित्रात मुंग्या यायच्या, पण नवरदेव ओळखू यायचा. आताच्या डिजिटलचं तसं नाही. चित्र लख्ख दिसत राहतं, हद्द जवळ आली की पांढरे ठिपके चमकतात आणि हद्द ओलांडली की काहीच नाही, नुसता काळा पडदा. म्हणून त्याआधीच वाटेत इक्वलायझरची डबी बसवायची. जेवढं झिजलं तेवढं ती भरून देते आणि चित्र पुढं धाडते. पार मेलेल्या चित्रापुढं मात्र डबीचंही काही चालत नाही.

आपल्याकडं नवरीच्या आईनं मंगलाष्टकं बघायची नसतात. तिनं आतल्या खोलीत तुळशीला पाणी घालत बसायचं. जिनं जन्म दिला तिलाच बघायची चोरी. ही रीत ज्यानं काढली त्याला एकदा समोर उभा करून विचारलं पाहिजे. गोरक्षनं त्यातून वाट काढली होती. एक जादा वायर ओढून तो त्या खोलीत छोटा टीव्ही लावून द्यायचा. "डोळ्यांनी बघू नये म्हणत्यात मावशी, टीव्हीवर बघू नये असं कुठं हाय?" कितीतरी आया त्याला डोळे पुसत आशीर्वाद देऊन गेल्या. त्याची बायको शालनबाई हे ऐकायची आणि दर वेळी बजावायची, "आपल्या विजूच्या लग्नात माझी वायर आधी वढायची. आजवर काही मागितलं न्हाई, एवढं मागते."

विजयश्रीचं लग्न चाकण रस्त्यावरच्या कार्यालयात ठरलं. भावकीनं परोपरीनं सांगितलं, गोरक्ष, आज बाप म्हणून मिरव, वायरी दुसऱ्या कुणाकडं दे. ऐकेल तर शपथ! डोक्याला फेटा, अंगात नवा कोट आणि खिशात पक्कड, असा नवरीचा बाप पाहुण्यांनी पहिल्यांदाच पाहिला. शालनबाईची वायर त्यानं खरोखरच आधी ओढली. तुळशीची खोली पार मागं, भटारखान्याच्याही पलीकडं. म्हणून भटारखान्याच्या खिडकीपाशी डबी बसवली. टीव्हीवर स्टेज लख्ख दिसलं, तशी शालनबाई पदर सावरून समोर बसली ती हलायलाच तयार नव्हती.

पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि बाहेर मोठ्या पडद्यावर पांढरे ठिपके चमकू लागले. गोरक्ष उठून मागं गेला. पडद्यामागची डबी बिघडली होती. नवरदेवाचे चुलते साहेबराव मागच्या खुर्चीवरून ओरडले, "पाव्हणं, लेकीच्याच लग्नात पडदा बंद पाडता व्हय?" तोवर पडदा गेलाच.

जादा डबी टेम्पोत होती आणि टेम्पो पार फाटकाशी. पण लोकांसमोरचा पडदा काळा राहता कामा नये, ही हाताला जन्माची सवय. तो भटारखान्याकडं धावला, शालनबाईच्या वायरीतली डबी उपटली आणि दोन टोकं उगाच एकमेकांना जोडली. एवढ्या लांबीवर काही पोचायचं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? जुनी वायर असती तर मुंग्यांतून का होईना, लेक दिसली असती. त्यानं ती डबी मोठ्या पडद्याला लावली, पडदा उजळला, आणि फेटा सांभाळत तो टेम्पोकडं पळत सुटला. दुसरी डबी घेऊन परतला तेव्हा वाजंत्री वाजत होती आणि अक्षता पडून गेल्या होत्या.

खोलीत टीव्ही बंद होता. शालनबाई रिकामा तांब्या मांडीवर घेऊन बसली होती.

"मीच बंद केला," ती घाईनं म्हणाली. "बघून झालं, आता कशाला चालू ठेवायचा? किती गोड दिसत व्हती! मान खाली घालून उभी व्हती माझी बाय."

डबी काढल्यापासून टीव्ही काळाच होता, हे गोरक्षला ठाऊक होतं. चित्र आपोआप गेलं असं तिला वाटलं होतं. आजच्या दिवशी नवऱ्याला आपल्याच कामाची लाज वाटू नये म्हणून ती खोटं बोलत होती. मीच डबी काढली गं, हे शब्द त्याच्या ओठापर्यंत आले. "बरं झालं," एवढंच तो म्हणाला आणि हातातली डबी त्यानं खिशात सारली. लग्नाचा व्हिडिओ आला की हिला शेजारी बसवून दाखवायचा आणि तेव्हा सगळं सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं.

फोटोवाला आज देतो, उद्या देतो करत राहिला. आषाढात एका सकाळी शालनबाई ओट्यापाशी खाली बसली ती उठलीच नाही. आदल्या दिवशी हसूनखेळून भाकरी थापलेली धडधाकट बाई! "एक ठिपका दिसला न्हाई हो," भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गोरक्ष सांगत राहिला. माणूस दुःखानं बरळतोय असं लोकांना वाटलं.

व्हिडिओ तेराव्यानंतर आला. विजयश्री अजून माहेरीच होती. बापलेक टीव्हीसमोर बसले. शेवटच्या मंगलाष्टकाला पडद्यावरच्या विजयश्रीनं मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. ओठ हलले, ती हसली. गोरक्षही हे पहिल्यांदाच बघत होता. तेव्हा तो टेम्पोत डबी शोधत होता.

"आईसाठी बघितलं होतं, अण्णा," विजयश्री म्हणाली. "म्हटलं, आत एकटी बसलीय, मी तिच्याकडंच बघतेय असं तिला वाटावं. आधी सांगितलं नव्हतं. नंतर विचारायचं राहूनच गेलं. दिसलं ना तिला? काही म्हणाली का?"

खरं सांगायचं तर ते आत्ताच सांगायला हवं होतं. लेक गोरक्षच्या तोंडाकडं बघत होती.

"म्हणाली की," तो म्हणाला. "विजूनं माझ्याकडं बघितलं म्हणाली. लई रडली."

विजयश्रीनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तेवढं तरी झालं, अण्णा. तुमी वायर ओढली म्हणून."