भादलीचं पुस्तक

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी मनकर्णाबाईच्या अंगणात घोंगडी पसरली की शेजारची जनकाबाई कुंपणावरून हटकून विचारते, औंदा पाणी कसं काय म्हणून. घोंगडीवर धान्य नसतं. पुस्तकं असतात. अठरा, गोल मांडलेली, आणि मधोमध पाण्याचा तांब्या. मनकर्णाबाई मानही वर करत नाही. पाण्याचं भेंडवळवाल्यांना विचार, म्हणते, मी वर्षभर काय वाचायचं ते मांडून राह्यलो. आणि तांब्या कशाला, तर उन्हात बसून पुस्तकं लावायची म्हणजे तहान लागते.

तिचं माहेर भेंडवळपासून दोन कोसांवर. अखजीला तिथल्या शेतात पाण्याचा घट मांडतात, भोवती अठरा धान्यं गोल ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य जागचं हललं ते पाहून साल कसं जाईल ते सांगतात. ती बापाच्या खांद्यावर बसून ते पाहायला जायची. अठराही धान्यांची नावं तिला बाराखडीच्या आधी पाठ झाली. त्यातली भादली तेवढी तिला खटकायची. घरात कोणी ती खात नव्हतं, शेतात कोणी पेरत नव्हतं, आणि घटात तिनं सांगायची ती रोगराई. मग ठेवायची कशाला? बाप म्हणाला होता, "ठेवली नाही तं घट पुरा होत नाही. लोकं आइकाले येतात, खुश व्हाले नाही."

सातवीनंतर शाळा सुटली, सतराव्या वर्षी ती पिंपळगाव राजात पुंजाजीच्या घरी आली. चार एकर, दोन लेकरं, आणि वाचायला किराण्याच्या पुड्यांचे कागद. चाळिशीत गावच्या वाचनालयात झाडलोटीचं काम मिळालं. सकाळी सातला कुलूप काढायचं, कपाटं पुसायची. पुसता पुसता एखादं पुस्तक उघडं पडायचं, आणि नऊला पेपरवाला आला की बाई फडकं खांद्यावर टाकून तशीच उभी दिसायची.

पहिली चार वर्षं तिनं नुसत्या कादंबऱ्या वाचल्या, त्याही रडक्या. एक दिवस तिचं तिलाच हसू आलं. सगळ्या शेतात एकच पीक घेणाऱ्याला ती नावं ठेवायची, आणि स्वतःच्या डोक्यात काय पेरत होती? त्या सालच्या अखजीला तिनं पहिल्यांदा घोंगडी पसरली. कादंबऱ्या म्हणजे कपाशी, त्या लागतातच, पण सहाच. आत्मचरित्रं ज्वारीसारखी, रोजच्या पोटाला. निबंध हरभऱ्यासारखे, रात्रभर भिजवल्याशिवाय चावत नाहीत, एक पान वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी निंदताना घोळवायचं. राजकारणाची पुस्तकं करडी. काटे टोचतात, पण तेल तिथंच असतं. कवितांना तिनं तिळाची जागा दिली, मुठीत मावतील एवढ्याच. आणि अठरावी जागा भादलीची, म्हणजे आपल्याला अजिबात न पटणाऱ्या पुस्तकाची.

भादलीचा नियम असा की ती आपण निवडायची नाही. आपण निवडली की हात आपोआप मऊ पुस्तकावर जातो. ती निवडायचा पुंजाजी. तो फारसा वाचणारा नव्हे, पण बायकोला कशाचा राग येतो ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दर अखजीला तो वाचनालयात जायचा, कपाटापुढे हात मागे बांधून फिरायचा आणि नेमकं ते पुस्तक काढून आणायचा. वर्षभर ती त्या पुस्तकाशी भांडायची आणि तो जेवता जेवता ऐकायचा. अकरा वर्षांच्या अकरा याद्या तिच्या वहीत आहेत.

ती वही शरच्चंद्र सरांच्या हाती लागली. सर खामगावचे, कॉलेजातून निवृत्त झालेले, वाचनालयाला सल्ला द्यायला महिन्यातून एकदा येत. त्यांनी वही उभ्यानंच वाचून काढली आणि समितीला सुचवलं की या वर्षी मनकर्णाबाईंची यादी त्यांच्या नावानं दारावरच्या फळ्यावर लावा, आणि ती अठरा पुस्तकं समोरच्या कपाटात ठेवा. समितीचा अध्यक्ष जानराव. त्याला हे रुचलं नाही. झाडणारीची यादी दारावर लावता तं उद्या कोतवालाचीही लावा, असं तो हॉटेलात बोलला आणि ते संध्याकाळपर्यंत मनकर्णाबाईच्या चुलीपाशी पोचलं. समोर मात्र त्यानं अट घातली. बाईनं समितीपुढे बसावं, यादी वाचावी, ज्याला जे विचारायचं ते विचारू द्यावं. पटली तर लागेल. नाही पटली तर हा विषय पुन्हा निघणार नाही.

मनकर्णाबाईला ती यादी दारावर हवी होती. उगाच नको-नको तिनं केलं नाही. सोळा वर्षं ते दार तीच पुसत होती.

पण त्या अखजीला तिनं एक गोष्ट केली. पुंजाजी वाचनालयाकडे निघायच्या आधीच अठरा जागा भरून टाकल्या. अठराव्या जागेवर तिचं लाडकं पुस्तक ठेवलं, धरणाखाली गाव गेलेल्या एका बाईनं लिहिलेलं. पुंजाजी टोपी घालून बाहेर आला आणि घोंगडीपाशी थांबला.

"भादली कुठी हाय?"

ती म्हणाली की औंदा नाही. यादी आपल्या नावानं लागायची आहे. न पटणारं पुस्तक आपल्या नावाखाली गावानं वाचलं तर लोक म्हणतील, हिचं मत फिरलं. जानराव तर डफडं वाजवून सांगेल.

पुंजाजीनं टोपी काढून खुंटीला लावली. "मंग हे घट नाही," तो म्हणाला, "रुखवत हाय."

त्यावर ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

समिती बसली ती रविवारी सकाळी. पाच जण समिती, शरच्चंद्र सर, आणि भिंतीला टेकून दहा-बारा वाचक. पुंजाजी दाराशी, चपलांजवळ. मनकर्णाबाईनं एकेक पुस्तक हातात घेऊन सांगितलं, ते यादीत का आहे आणि कशानंतर वाचायचं. एका मास्तरानं निबंधांवर खोचक विचारलं, तिनं हरभऱ्याचं उदाहरण दिलं. राजकारणाच्या चार पुस्तकांवर तिनं अशी टिपणी केली की भिंतीचे लोक पुढे सरकले. जानराव एकदाही बोलला नाही. बाईचा आवाज चढत गेला, कपाशीच्या गाठोड्यावर बसून बोलावं तशी ती बोलत होती.

शरच्चंद्र सर प्रत्येक पुस्तकाला मान डोलावत होते. शेवटी ते म्हणाले, "उत्तम. एकही नाव खटकलं नाही. मी यादी केली असती तर अगदी हीच केली असती."

टाळ्या झाल्या. मनकर्णाबाई मात्र थबकली. तिच्या कानात टाळ्यांच्या ऐवजी दुसराच शब्द घुमत होता. रुखवतासमोर बाया अशाच उभ्या राहतात, काय सुरेख, काय सुरेख म्हणत, आणि त्यातलं कोणी काही खात नाही. अठरा पुस्तकं, आणि सरांना एकही खटकलं नाही. तिला स्वतःलाही नाही. मग वर्षभर भांडायचं कोणाशी?

जानराव सहीसाठी कागदाकडे हात करत होता. तिनं कागद ओढून घेतला.

"सही थांबवा, भाऊ. अठरावं नाव खोडतो."

सर गोंधळले. त्यांनी समजावलं की नियमानुसार सगळं पार पडलं आहे, आता कशाला. तिनं धरणवाल्या बाईचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि समितीला भादलीचं सांगितलं, पुंजाजीसकट, लपवून न ठेवता. यंदा लाजेपायी ती जागा आपणच भरली हेही सांगितलं. मग जानरावाकडे वळली.

"भादली निवडनारा आपल्याशी न पटनारा पाह्यजे. घरच्यानं अकरा वर्षं निवडली. औंदा तुमी निवडा. मले पटनार नाही असं एक काढा कपाटातून."

जानरावाला वाटलं, आपली चेष्टा चालली आहे. तो तिच्याकडे बघत राहिला. बाई कागद-पेन घेऊन वाट पाहत होती. मग तो उठला, तिसऱ्या कपाटापाशी गेला आणि लाल बांधणीचं जाडजूड पुस्तक घेऊन आला. लहान शेतकऱ्यानं शेती सोडून द्यावी, गावातली जमीन मोठ्या हातात जाऊ द्यावी, असं त्यात चारशे पानं सांगितलं होतं. मनकर्णाबाईनं ते तीनदा पुसता पुसता उघडलं होतं आणि तीनदा आपटून ठेवलं होतं.

"हे," जानराव म्हणाला. "दोनदा वाचलं मी. अर्धं पटलं मले. कोनाशी बोलाले मिळालं नाही या गावात."

सरांचा चेहरा पडला. हे पुस्तक आलं तर यादीचा तोलच जाईल, असं ते हळू आवाजात म्हणाले. लोकांना वाटेल, तुम्ही याची शिफारस करता.

"वाटू द्या, सर. इचाराले येतीन, तवा सांगीन." तिनं अठराव्या आकड्यापुढे त्या पुस्तकाचं नाव लिहिलं, ठळक, आणि खाली कंसात 'निवड: जानराव'. कागद त्याच्यापुढे सरकवला.

आता ती यादी नापास करायची म्हणजे जानरावाला आपलंच पुस्तक नापास करावं लागलं असतं. ते त्याच्या ध्यानात आलं, भिंतीच्या लोकांच्याही आलं, आणि कोणीतरी फस्सकन हसलं. जानरावही मिशीत हसला. "वहिनी," सही करता करता तो म्हणाला, "तुमी समितीत असत्या तं माही अध्यक्षकी दोन सालं टिकली नसती."

"झाडून काढली असती," पुंजाजी चपलांजवळून म्हणाला.

यादी त्याच संध्याकाळी दारावर लागली. दोघं-तिघं विचारायला आलेच, बाई, तुमचं मत फिरलं काय म्हणून. तिनं लाल पुस्तक कोणालाच घरी न्यायला दिलं नाही. आधी माझं होऊ द्या म्हणाली.

वखरणीचे दिवस होते. दुपारी बांधावरच्या बाभळीखाली ती पुस्तक घेऊन बसायची आणि पुंजाजी भाकर सोडायचा. पाचव्या दिवशी त्यानं विचारलं, कुठवर आलं.

"साठ पानं झाले. एकसष्टाव्यावर जानरावभाऊले गाठनार हाय मी. काहीच्या काही लिहून ठेवलं."

"काहीच पटलं नाही?"

मनकर्णाबाईनं पान दुमडलं, ठेच्याचं बोट पुसलं.

"एक गोष्ट पटली," ती म्हणाली. "पन ते जानरावभाऊले सांगू नका."