सुभेदारांची सोय

आमच्या हरिहरेश्वराकडच्या अख्ख्या किनाऱ्यावर माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मामांइतक्या वेळा प्रवासाला निघालेला माणूस सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका कुठेच न पोचलेलाही सापडायचा नाही. ट्रंक भरलेली, छत्री काखेत, धोतर इस्त्रीचं, सगळ्यांचे निरोप घेऊन झालेले, आणि दुपारी स्वारी घरी जेवायला हजर! कारण एकच, सुभेदार. आता सुभेदार म्हणजे कुणी पेन्शनीतला लष्करी गृहस्थ समजाल, तर तसं नाही हो. तो मामांचा कुत्रा. मामा साऱ्या गावाला, अगदी सरपंचालासुद्धा, अरे-तुरे करायचे. 'अहो' म्हणायचे ते फक्त सुभेदारांना. मामी होत्या तेव्हा त्यांच्याही वाट्याला हा मान आला नव्हता, असं जाऊबाई सांगायच्या.

त्या वर्षी मात्र मुंबईला जाणं भागच होतं. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरांनी निरोप धाडला होता, की आणखी उशीर केलात तर नजर कायमची जाईल. पावसाळा लागला की बोटी बंद, म्हणजे त्याआधीच निघायला हवं. जाऊबाई रडून विनवायच्या. मामांचं आपलं एकच, "सुभेदारांना कुणाकडे ठेवू?"

मग गावात घरं बघणं सुरू झालं. लेकीसाठी स्थळ बघताना बाप एवढा खोलात शिरत नाही. मामा स्वतः पाटावर बसून प्रत्येक घरचं जेवून बघायचे. एका ठिकाणी भात फडफडीत निघाला. "सुभेदारांना आसट लागतो," म्हणाले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेऊन मगच उठले. देवळातल्या गुरवाला नकार, कारण तो घंटा फार जोरात बडवतो आणि सुभेदारांची दुपारची झोप सावध. मासळी विकणारी पारू आपणहून तयार झाली, तर तिला विचारलं, "तुझ्या घरी मांजर आहे. त्याचा स्वभाव कसा?"

पारूने डोक्यावरची टोपलीसुद्धा उतरवली नाही. "मामा, कुत्रा हाय का जावई? हुंडा किती देनार ते बोला!"

शेवटी शेजार म्हणून हा मान माझ्याकडे आला. पण विश्वास कुठला? मामांनी जाण्याची तालीमच सुरू केली. सुभेदारांना आमच्या अंगणात आणून सोडायचं, "येतो हं, सांभाळून राहा" सांगायचं, ट्रंक उचलून निघायचं, आणि कुंपणापलीकडच्या उंडीच्या झाडाआड बसून बघत राहायचं. दर वेळी तासाभरात परत. "नाही गो जमायचं. फार झुरतात."

एकदा मी चहा घेऊन त्या झाडापाशीच गेले. मामा उपरण्याने डोळे पुसत होते. "बघ, कसे मलूल पडलेत अंगणात. मघापासून हललेसुद्धा नाहीत."

मी वळून बघितलं. अंगणात नारळाच्या सोडणांनी भरलेलं पोतं पडलं होतं. सुभेदार मामांच्या पाठीमागे बसून निवांत कान खाजवत होते.

"मामा, ते पोतं आहे. सुभेदार तुमच्या मागे बसलेत."

मामांनी मागे हात नेऊन चाचपडलं. बोटांना ओलं नाक लागलं. हात त्यांनी तिथेच ठेवला. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच त्यांचं हसू आलं नाही. मग म्हणाले, "उद्या बोट आहे ना गो?"

आणि गेले! सुभेदार पहिल्या संध्याकाळी वाटेकडे तोंड करून बसले खरे. पण दुसऱ्या दिवसापासून पारूच्या मागे मागे हिंडून सुकटीवर ताव मारायला लागले. माझ्या आसट भाताकडे ढुंकूनही बघेनात. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या तसे मामा परतले, तर पारूने त्यांना किनाऱ्यावरच गाठलं. "लई झुरला वो तुमचा सुबेदार. उचलून बघा, उचलनार न्हाय!"

घरी येऊन मामा ओटीवर टेकले. नाकावर ह्या एवढाल्या जाड भिंगांचा चष्मा. सुभेदार धावत येऊन थेट मांडीवर चढले. मामांनी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि उजेडाकडे वळवलं. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले, भुवयासुद्धा. आम्ही रोज बघत होतो, त्यामुळे कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं. मामा मात्र कधीचे त्यांना हातानेच ओळखत होते.

"अगो," मामा हळूच म्हणाले, "हे इतके म्हातारे कधी झाले?"

मी चहा ठेवायला आत गेले.