डागाची रीत
तापलेल्या लोखंडाचा वास आला की उचगावचं आमचं पत्र्याचं घर आठवतं. नव्वदच्या दशकातली ती दुपार. माझी सहा वर्षांची मुलगी शाळा बुडवून खेळली होती आणि "गेलते की शाळंला," असं मला खोटंच म्हणाली होती. मी उलथनं स्टोव्हवर धरलं. खोटं बोलणाऱ्या मुलीला दंडावर डाग द्यायचा, ही आमच्या घरची रीतच होती. आजीनं आईला दिला, आईनं मला. माझा बाप्तिस्मा होऊन वर्ष झालं होतं, ही रीत माझ्यापाशी थांबू दे असं मी दर रविवारी प्रार्थनेत मागायचे, तरी उलथनं लाल झालं आणि माझा हात आईसारखाच उठला. आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "दे की! मला दिला, तुला दिला. मेलो व्हय आपण?" मुलगी पळाली नाही. तिनं मुकाट्यानं फ्रॉकची बाही वर सारली आणि दंड पुढं केला. "प्रभू, मला न्हाय सुटत ह्यातनं, तूच सोडीव," असं ओरडत मी उलथनं पाण्याच्या बादलीत टाकलं आणि मुलीला पोटाशी धरलं. आईनं पदर ओढून स्वतःचा दंड तेवढा झाकला. मुलगी आता स्वतः आई झाली आहे. माझा राग काही गेलेला नाही. तो येतो, तेव्हा मी हात जोडते आणि तो ओसरेपर्यंत सोडत नाही.